अंडाशयाचा कर्करोग आणि पेशींतील संकेतमार्ग : आयुर्वेदीय चिकित्सकासाठी एक अभ्यास

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी ५४ वर्षे वयाची एक रुग्णा माझ्या चिकित्सालयात आली. रजोनिवृत्ती होऊन चार वर्षे झाली होती. पोट फुगते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, मलप्रवृत्ती साफ होत नाही, अशा तिच्या तक्रारी होत्या. जिव्हा साम होती. अग्निमांद्य व आध्मान असे निदान करून मी दीपन-पाचन व अनुलोमन चिकित्सा सुरू केली. पंधरा दिवसांत थोडा उपशय मिळाला, पुढे तक्रारी पुन्हा वाढल्या, कल्प बदलले. असे साडेतीन महिने गेले. एके दिवशी ती सहज म्हणाली, "मॅडम, हल्ली साडीची गाठ वर बांधावी लागते." त्या दिवशी मी प्रथमच तिला झोपवून उदरपरीक्षण केले. दोन्ही पार्श्वभागी मंद ध्वनी मिळत होता आणि कूस बदलताच तो सरकत होता. सोनोग्राफीत जलोदर व दोन्ही अंडाशयांत गाठी आढळल्या.

शस्त्रकर्म व केमोथेरपीनंतर ती तीन वर्षे जगली. साडेतीन महिने आधी निदान झाले असते तर परिणाम बदलला असता, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. परंतु त्या काळात मी एकदाही तिच्या पोटाला हात लावला नव्हता, हे मात्र खरे. पुढे तिची मुलगी आईचा जनुकीय तपासणीचा अहवाल घेऊन आली आणि तिने विचारले, "यात बीआरसीए-१ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ काय? मला काही करायला हवे का?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या न दिलेल्या उत्तरातून सुरू झालेला अभ्यास आहे.

२०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ३ लाख १४ हजार स्त्रियांना हा रोग होतो व २ लाखांहून अधिक स्त्रिया त्याने दगावतात. भारतात त्याच वर्षी नव्या रुग्णांची संख्या ४५ हजारांहून अधिक होती. यांपैकी अनेक स्त्रिया प्रथम आपल्यासारख्या सामान्य चिकित्सकाकडेच येतात, आणि येतात त्या पोट फुगण्याची तक्रार घेऊन. म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असे समजून सोडून देता येणार नाही.

१. पेशीतील निरोप कसा पोहोचतो?

निरोगी शरीरातील पेशी स्वतःच्या मर्जीने विभाजित होत नाही. विभाजित हो, थांब, दुरुस्ती कर किंवा नष्ट हो, असे निरोप तिला बाहेरून वा आतून मिळत असतात. निरोप घेऊन येणारे रेणू म्हणजे वाढघटक, हॉर्मोन इत्यादी. पेशीच्या आवरणावर त्यांच्यासाठी ठरावीक ग्राही असतात. वाढघटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन व रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राहीला निरोप मिळाला की पेशीच्या आतील प्रथिनांची एक साखळी जागी होते. या साखळीतील बहुतेक प्रथिने किनेज वर्गातील असतात. किनेज दुसऱ्या रेणूवर फॉस्फेटचा कण चढवते. त्यामुळे तो कार्यरत होतो व पुढच्यावर फॉस्फेट चढवतो. अखेरीस निरोप केंद्रकात पोहोचतो आणि विशिष्ट जनुके काम करू लागतात किंवा थांबतात. या साखळीलाच संकेतमार्ग म्हणतात.

धातुपोषणाचे न्याय आपण सर्वांनी अभ्यासले आहेत. त्यांचा दृष्टान्तापुरता आधार घेतला तर विषय सोपा होतो. खळ्यावर आलेली कबुतरे दाणे टिपून आपापल्या दिशेने जातात, तसा प्रत्येक वाढघटक आपापल्या ग्राहीकडे जातो. हे खलेकपोत न्यायासारखे आहे. निरोप एकदा आत शिरला की पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जावे तसा तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. हे केदारीकुल्या न्यायासारखे आहे. शेतकरी वाफा भरला की मातीचा बांध घालून पाणी वळवतो. पेशीतही असे बांध घालणारी प्रथिने असतात. बांध फुटला, किंवा दार उघडे अडकून बसले, तर शेताची जी अवस्था होते ती कर्करोगात पेशीची होते. येथे दृष्टान्त संपतो. प्राचीनांना किनेज ठाऊक होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही आणि तसे सिद्ध करण्याची आवश्यकताही नाही.

२. नाव एक, व्याधी अनेक

अंडाशयाचे सुमारे ९० टक्के कर्करोग आवरणपेशींपासून उद्भवणारे असतात. त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत : उच्च श्रेणीचा सीरस, निम्न श्रेणीचा सीरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस. सूक्ष्मदर्शकाखाली यांची रूपे वेगळी दिसतातच. शिवाय प्रत्येकात बिघडलेला संकेतमार्गही बहुधा वेगळा असतो. म्हणजे नाव एक असले तरी संप्राप्ती भिन्न आहे. संप्राप्तिभेदाने चिकित्साभेद हे तत्त्व आपल्या परिचयाचे असल्याने आयुर्वेदाच्या अभ्यासकाला हे समजणे कठीण जाऊ नये.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, सर्वाधिक आढळणारा उच्च श्रेणीचा सीरस प्रकार बऱ्याच वेळा मुळात अंडाशयात सुरूच होत नाही. २००१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या काढून टाकलेल्या बीजवाहिन्यांमध्ये कर्करोगपूर्व बदल दाखवले. त्यानंतरच्या अभ्यासांतून बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी या रोगाचा उगम अनेकदा होतो, हे मान्य झाले.

बीजोत्सर्गाशीही याचा संबंध आहे. इजिप्तचे महमूद फतहल्ला यांनी १९७१ साली असे मांडले की, विश्रांतीविना वर्षानुवर्षे होणारा बीजोत्सर्ग हा धोक्याचा घटक असावा. प्रत्येक बीजोत्सर्गाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या द्रवात वाढघटक व दाह निर्माण करणारे रेणू असतात आणि बीजवाहिनीच्या टोकावर त्यांचा वर्षाव होतो. गर्भधारणा, स्तन्यपान व गर्भनिरोधक गोळ्या यांनी बीजोत्सर्गांची संख्या कमी होते आणि धोकाही कमी होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक एकत्रित विश्लेषणात १५ वर्षे गोळ्या घेतलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका सुमारे निम्मा आढळला. अर्थात या गोळ्यांचे इतर धोके असल्याने केवळ एवढ्याच हेतूने त्या सर्वांना देणे योग्य नव्हे.

३. रास-राफ-मेक-इआरके मार्ग : अडकलेले दार

वाढघटकाचा निरोप केंद्रकापर्यंत नेणारा हा प्रमुख मार्ग आहे. यातील रास हे प्रथिन दारासारखे काम करते. जीटीपी हा रेणू त्याला जोडलेला असताना दार उघडे असते. रास स्वतःच त्याचे जीडीपीमध्ये रूपांतर करून दार लावून घेते. के-रास जनुकात उत्परिवर्तन झाले की ही दार लावण्याची क्षमता नष्ट होते. बाहेर वाढघटक नसतानाही 'विभाजित हो' हा निरोप पुढे राफ, मेक व इआरके या क्रमाने जात राहतो.

निम्न श्रेणीच्या सीरस प्रकारात के-रास किंवा बी-राफ या जनुकांतील बिघाड वारंवार आढळतो. म्युसिनस प्रकारातही के-रासचा बिघाड सामान्य आहे. निम्न श्रेणीचा सीरस कर्करोग तुलनेने तरुण स्त्रियांत होतो, मंद गतीने वाढतो आणि नेहमीच्या केमोथेरपीला फारसा दाद देत नाही. त्यामुळे मार्गातच अडथळा घालण्याचा विचार पुढे आला. मेक या प्रथिनाला रोखणाऱ्या ट्रॅमेटिनिब या औषधाची रोग उलटलेल्या २६० स्त्रियांवर चाचणी झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग न वाढता गेलेला मध्यम कालावधी प्रचलित उपचारांत ७.२ महिने, तर या औषधाने १३ महिने होता. मे २०२५ मध्ये ॲव्हुटोमेटिनिब व डिफॅक्टिनिब या जोडीला, के-रासचा बिघाड असलेल्या व उलटलेल्या याच प्रकारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

४. पीआय-३-के, एकेटी व एमटॉर मार्ग : फुटलेला बांध

हा मार्ग पेशीचे पोषण, वाढ व जीवनधारणा यांच्याशी संबंधित आहे. पीआय-३-के हे किनेज पेशीच्या आवरणातील एका स्निग्ध रेणूवर फॉस्फेट चढवते. त्यामुळे एकेटी हे प्रथिन आवरणाकडे खेचले जाऊन कार्यरत होते. ते पेशीला नाशापासून वाचवते आणि एमटॉरला जागे करते. अन्नद्रव्ये पुरेशी आहेत, आता प्रथिने तयार करा, असा आदेश एमटॉर देते. पीटेन हे प्रथिन तोच फॉस्फेट काढून टाकते, म्हणजेच बांध घालते. पीटेन जनुकाचा शोध १९९७ साली लागला.

क्लिअर सेल व एंडोमेट्रिऑइड या प्रकारांत पीआय-३-केच्या जनुकात बिघाड होऊन मार्ग सतत चालू राहणे, किंवा पीटेन नष्ट होणे, हे बऱ्याचदा आढळते. या दोन्ही प्रकारांचा एंडोमेट्रिओसिसशी निकटचा संबंध आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लिअर सेल प्रकारातील ४६ टक्के गाठींत एआरआयडी-१-ए या जनुकाचे उत्परिवर्तन सापडले. शेजारच्या एंडोमेट्रिओसिसच्या ऊतीतही काही ठिकाणी तेच उत्परिवर्तन होते. एंडोमेट्रिऑइड प्रकारात याशिवाय विंट मार्गातील बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा बिघाडही दिसतो.

आपल्याकडे कष्टार्तवाच्या चिकित्सेसाठी एंडोमेट्रिओसिसच्या अनेक रुग्णा वर्षानुवर्षे येतात. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग कधीच होत नाही, हे त्यांना निश्चयाने सांगावे. मात्र चाळिशीनंतर जुन्या गाठीचा आकार किंवा वेदनेचे स्वरूप बदलले, तर वेदनाशमन करीत न बसता सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी.

५. डीएनए-क्षतीचा संकेत : पी-५३ व बीआरसीए

काही निरोप पेशीच्या आतूनच निघतात. डीएनए तुटला की एटीएम व एटीआर ही किनेजे तो बिघाड ओळखतात आणि १९७९ साली शोध लागलेल्या पी-५३ या प्रथिनाला सावध करतात. पी-५३ पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरण पत्करायला लावते. उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगाच्या ४८९ गाठींचे विश्लेषण करणारा अमेरिकेतील मोठा प्रकल्प २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात जनुकक्रम तपासलेल्या जवळजवळ सर्वच, म्हणजे ९६ टक्के, गाठींत पी-५३चे जनुक बिघडलेले होते. सुमारे निम्म्या गाठींत डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर होणाऱ्या अचूक दुरुस्तीचा मार्गही सदोष होता.

या अचूक दुरुस्तीतील दोन प्रमुख प्रथिने म्हणजे बीआरसीए-१ व बीआरसीए-२. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली बीआरसीए-१चे स्थान १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले; १९९४ साली ते जनुक वेगळे करण्यात आले. यातील दोष आई किंवा वडील, कोणाकडूनही येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ८० वर्षांच्या वयापर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१च्या दोषात सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए-२च्या दोषात सुमारे १७ टक्के असते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींत मोठा असतो. बीजदुष्टी ही संकल्पना आपण पाठ केलेली असते. येथे ती प्रयोगशाळेच्या अहवालाच्या रूपाने समोर येते.

या दोषातूनच चिकित्सेचा एक मार्ग सापडला. डीएनएचा एक धागा तुटला तर पार्प नावाचे विकर दुरुस्तीस मदत करते. पार्प रोखले तर दोष साचत जाऊन दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या आधारे ते सांधते. पण जिच्यात बीआरसीए आधीच निकामी आहे ती कर्करोगाची पेशी मरते. २००५ साली दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी हे तत्त्व मांडले आणि २०१४ साली ओलापॅरिब हे त्यावर आधारित औषध मान्य झाले. बीआरसीए दोष असलेल्या नवनिदान रुग्णांत प्रारंभिक केमोथेरपीनंतर हे औषध दिल्यास तीन वर्षांनी सुमारे ६० टक्के स्त्रियांचा रोग वाढलेला नव्हता, तर औषधाविना हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते, असे २०१८ साली दिसून आले.

६. जलोदर आणि वपा

अंडाशयाच्या कर्करोगातील जलोदर हा केवळ साचलेला द्रव नसून संकेतांचा साठा आहे. गाठीतील पेशी व्हीईजीएफ हा रेणू स्रवतात. त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू लागतो. १९८३ साली हा रेणू प्रथम वर्णिला गेला तो वाहिन्यांची पारगम्यता वाढवणारा घटक म्हणूनच. त्याला बांधून ठेवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध केमोथेरपीसोबत दिल्यास रोग वाढण्यास काही महिने विलंब होतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत आढळले. मात्र रक्तदाबवृद्धी व क्वचित आंत्रछिद्र हे त्याचे गंभीर उपद्रव आहेत. अशा रुग्णेला पोटात अकस्मात तीव्र शूल झाला तर ते वातानुलोमनाचे स्थान नव्हे. तिला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

याच द्रवात लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल हा स्निग्ध रेणू, तसेच इंटरल्युकिन-६ हा दाहकारक घटक मोठ्या प्रमाणात असतो. हे रेणू कर्कपेशींना जगण्याचा व स्थलांतराचा निरोप देतात. त्यामुळे पेशी द्रवासोबत उदरावरणभर पसरतात आणि विशेषेकरून वपेवर रुजतात. त्या वपेकडेच का जातात, याचा उलगडा शिकागो येथील संशोधकांनी २०११ साली केला. वपेतील मेदपेशी विशिष्ट रेणू स्रवून कर्कपेशींना आकर्षित करतात आणि पुढे आपल्यातील स्निग्धाम्ले त्यांना इंधन म्हणून पुरवतात.

मेदोवह स्रोतसांचे मूळ सांगताना चरकाने वृक्कांबरोबर वपावहनाचा उल्लेख केला आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. वपा हे मेदाचे स्थान आहे ही त्यामागील शारीरदृष्टी अचूक आहे. त्यापुढे जाऊन चरकाला या रोगाचा प्रसार ठाऊक होता, असे म्हणणे मात्र चरकावरही अन्याय करणारे ठरेल.

७. एक मार्ग अडवला तर?

मार्ग कळले, मग ते बंद केले की रोग बरा, असे प्रारंभी वाटले होते. अनुभव तसा आला नाही. वाढघटकाच्या ग्राहीला रोखणारे एर्लोटिनिब हे औषध प्रारंभिक केमोथेरपीनंतर ८३५ स्त्रियांच्या चाचणीत तपासले गेले; २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा लाभ दिसला नाही. याचे एक कारण असे की, हे मार्ग एकमेकांना जोडलेले आहेत. एमटॉर रोखले की त्याने घातलेला उलटा बांधही सुटतो आणि एकेटी किंवा रास मार्ग अधिक वेगाने वाहू लागतो. एका पाटाला माती घातली तर पाणी दुसऱ्या पाटाने जाते. म्हणून कोणत्या रुग्णेत कोणता बांध फुटला आहे हे आधी तपासावे लागते आणि शस्त्रकर्म व केमोथेरपी यांचे स्थान अजून कायम आहे.

त्या केमोथेरपीतील पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य मूळचे वनस्पतिज आहे. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून ते वेगळे केल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि १९९२ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठीच त्याला प्रथम मान्यता मिळाली. आपल्याकडे तालीसपत्र म्हणून काही बाजारांत याच कुळातील टॅक्सस वृक्षाची पाने विकली जातात. आयुर्वेदीय औषधिकोशाला अभिप्रेत असलेले तालीस मात्र ॲबिज हे आहे. यावरून तालीसादी चूर्णाने कर्करोग बरा होतो, असा निष्कर्ष काढणे घातक आहे. टॅक्ससची पाने हृदयावर विषारी परिणाम करतात. पॅक्लिटॅक्सेल शुद्ध स्वरूपात, मोजक्या मात्रेत, शिरेवाटेच दिले जाते.

८. तुलनेची मर्यादा

सुश्रुताने निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन करताना ते स्थिर, मंद वाढणारे, खोल मूळ असलेले व न पिकणारे असल्याचे सांगितले आहे. न पिकण्याचे कारण म्हणून कफ व मेद यांचे आधिक्य दिले आहे. अध्यर्बुद व द्विरर्बुद यांची असाध्यताही त्याने नोंदवली आहे. हे निरीक्षण सूक्ष्म आहे. तथापि अध्यर्बुद म्हणजेच कर्करोगाचा प्रसार, वात म्हणजे रास मार्ग, कफ म्हणजे एमटॉर, अशी समीकरणे आपल्या परिसंवादांतून मांडली जातात, ती टाळावीत. दोष ही संपूर्ण देहाच्या कार्याची परिभाषा आहे. संकेतमार्ग ही एका पेशीतील रेणूंची परिभाषा आहे. दोन्हींचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा.

हळदीतील कर्क्युमिन किंवा अश्वगंधेतील विथाफेरिन-ए यांनी काचेच्या बशीतील कर्कपेशींमध्ये अमुक मार्ग रोखला, असे वृत्त वारंवार वाचनात येते. ती निरीक्षणे प्रयोगशाळेपुरती आहेत. तोंडावाटे घेतलेल्या कर्क्युमिनचा रक्तात पोहोचणारा अंश अत्यल्प असतो. बशीतील पेशी मरणे आणि रुग्णा बरी होणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर चाचण्यांनी पार झाल्याशिवाय या द्रव्यांवर विसंबून कोणाही रुग्णेचे शस्त्रकर्म लांबवू नये.

९. आपल्या चिकित्सालयात काय करावे?

(अ) पोट फुगणे, थोड्या अन्नाने पोट भरणे, पोटात वा ओटीपोटात दुखणे, मूत्रप्रवृत्तीची घाई वा वारंवारता, यांपैकी कोणतेही लक्षण गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झालेले असेल व महिन्यातून बारा दिवसांहून अधिक जाणवत असेल, तर अंडाशयाचा विचार करावा. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले ग्रहणीसदृश लक्षण संशयास्पद मानावे.

(आ) प्रत्येक अशा रुग्णेचे उदरपरीक्षण पहिल्याच भेटीत करावे. सोनोग्राफी व सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्यावी. उदराचा क्षय, एंडोमेट्रिओसिस, यकृद्विकार यांतही सीए-१२५ वाढते. उलट पहिल्या अवस्थेतील सुमारे निम्म्या रुग्णांत ते प्राकृत असते. म्हणून एका आकड्यावर निर्णय करू नये. विशेषतः आपल्या देशात जलोदर व वाढलेले सीए-१२५ पाहून कर्करोग अथवा क्षय, कोणतेही निदान ऊतिपरीक्षेविना गृहीत धरू नये.

(इ) लक्षणे नसलेल्या सर्वच स्त्रियांची सरसकट चाळणी तपासणी उपयुक्त ठरलेली नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणूनच लक्षणांकडे वेळेवर लक्ष देणाऱ्या चिकित्सकाचे महत्त्व वाढते.

(ई) कुलवृत्त विचारावे. आई, बहीण, मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणाला स्तन वा अंडाशयाचा कर्करोग होता का, हा प्रश्न वडिलांच्या बाजूसही विचारावा. उच्च श्रेणीचा कर्करोग झालेल्या प्रत्येक रुग्णेला जनुकीय समुपदेशनासाठी पाठवावे.

(उ) संशयित गाठीला सुई घालून द्रव काढण्याचा सल्ला देऊ नये. अंडाशयापुरता मर्यादित असलेला रोग त्याने उदरात पसरू शकतो. रुग्णेला शक्यतो कर्करोग-शस्त्रकर्मात प्रशिक्षित स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच पाठवावे.

(ऊ) चालू उपचारांत औषधांचा परस्परसंबंध विसरू नये. ओलापॅरिबचे यकृतातील पचन प्रामुख्याने सीवायपी-३-ए-४ या विकराने होते. पॅक्लिटॅक्सेलच्या पचनातही त्याचा वाटा आहे. पिप्पली व मरिच यांतील पायपरिन हे विकर मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. पिप्पलीचे योगवाहित्व आपल्याला भूषणावह वाटते. परंतु त्रिकटुयुक्त कल्पाने कर्करोगाच्या औषधाची रक्तातील मात्रा वाढली तर तोच गुण दोष ठरेल. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी वृक्कांवर ताण येत असताना रसौषधी टाळाव्यात. आपण जे देतो ते कर्करोगतज्ज्ञांना लेखी कळवावे.

(ए) यानंतरही आपले कार्य उरतेच. अरुची, मलावष्टंभ, निद्रानाश, दौर्बल्य यांत आहारयोजना, पेया-विलेपी यांसारखे पथ्य, तसेच मृदू उपाय तज्ज्ञांच्या संमतीने करता येतात. आंत्रावरोधाची शंका असताना मात्र विरेचन वा बस्ती देऊ नये. रुग्णेचे ऐकून घेण्यास आपल्याकडे अधिक वेळ असतो. तो सत्कारणी लावावा.

उपसंहार

रास मार्गातील अडकलेले दार, पीटेनचा फुटलेला बांध, पी-५३ व बीआरसीए यांचा दुरुस्तीतील दोष आणि जलोदरातील संकेतांचा साठा, हे या अभ्यासाचे चार मुख्य मुद्दे आहेत. ते पाठ असले म्हणून आपण कर्करोगतज्ज्ञ होत नाही. परंतु रुग्णेच्या हातातील अहवाल वाचता येतो, तिला योग्य दाराशी योग्य वेळी पोहोचवता येते आणि आपल्या औषधाने अपाय होणार नाही एवढी काळजी घेता येते.

त्या मुलीला मी पुढे बोलावून घेतले. आईच्या अहवालाचा अर्थ तिला समजावून सांगितला. दोष तिच्यात असण्याची आणि नसण्याचीही शक्यता सारखीच आहे, हेही सांगितले आणि समुपदेशनासाठी पाठवले. तपासणीत तिच्यातही तोच दोष आढळला. दोन अपत्ये झालेली होती. तज्ज्ञांशी पुरेशी चर्चा करून ३९व्या वर्षी तिने बीजवाहिन्या व अंडाशय काढून घेतले. अकाली रजोनिवृत्तीचे त्रास तिला झाले व त्यासाठी ती आजही तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालते आणि आहार-विहाराबाबत माझ्याकडे येते. प्रत्येक भेटीत मी तिचे उदरपरीक्षण करते. आईच्या वेळी जे राहून गेले, ते आता सवयीचे झाले आहे. वैद्य बंधुभगिनींनी ही सवय माझ्यासारखी उशिरा लावून घेऊ नये, एवढीच विनंती.